बावड्यात प्रकल्प आहे, तरी बंधाऱ्याखालचं पाणी का नासतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प तुम्ही आत जाऊन पाहिलात. शेवटच्या टाकीतलं पाणी नितळ होतं, त्याला वासही नव्हता. तरी खालच्या अंगाला रुईकडे तुमच्या शेताला लागून असलेल्या पंचगंगा नदीत फेब्रुवारी उजाडला की केंदाळ माजतं, पाणी आधी हिरवं आणि मग काळपट होतं, आणि एखाद्या सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. मग प्रकल्पात काही दडवतात का, की दोष दुसरीकडे आहे? शेवटी तुम्ही हेही विचारलंय, की धाकट्याला नदीत पोहायला शिकवावं का.

सांडपाण्याच्या कामात मला बावीस वर्षं झाली. सुरुवात रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणून केली, आता लहानमोठे प्रकल्प चालू करून देणं आणि बिघडलेले मार्गी लावणं हे काम करतो. त्या अनुभवातून सांगतो: तुम्ही पाहिलेलं नितळ पाणीही खरं आणि शेताशेजारची नासलेली नदीही खरी. दोन्हींत विरोध नाही. प्रकल्पात जे पोचलं ते किती स्वच्छ झालं, याचं उत्तर तुम्ही त्या टाकीत पाहिलंत. नदीचं मात्र प्रकल्पापर्यंत न पोचलेल्या पाण्यावर ठरतं.

गणित सोपं आहे, वहीत मांडून बघा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी ढोबळमानाने लिटरला २०० मिलिग्रॅम धरतात. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात, तो बीओडी. आपल्याकडे प्रयोगशाळेत नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो मोजतात. बावड्याचा प्रकल्प ७६ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरचा. एवढं पाणी कच्चंच सोडलं तर नदीत रोज १५,२०० किलो बीओडी पडेल. प्रकल्प उत्तम चालला आणि बाहेरच्या पाण्याचा बीओडी १० वर आला, तर तोच भार ७६० किलोवर येतो. शंभरातले पंच्याण्णव गेले. तुम्ही पाहिलेली नितळ टाकी ती हीच.

आता समजा, त्यातला फक्त दहावा हिस्सा पंपापर्यंत न जाता नाल्यातून थेट नदीत गेला. तो ७६ लाख लिटर. त्याचा बीओडी १,५२० किलो. उरलेल्या नऊ हिश्शांवर उत्तम प्रक्रिया झाली असली तरी त्यांचा मिळून भार ६८४ किलो. म्हणजे सुटलेला एक हिस्सा शुद्ध केलेल्या नऊ हिश्शांपेक्षा दुप्पटीहून जास्त घाण नदीत टाकतो. आणखी पुढे जाऊ. प्रकल्पावर पैसा ओतून बाहेरच्या पाण्याचा बीओडी १० वरून ५ वर आणलात तर दिवसाला सुमारे साडेतीनशे किलो वाचतील. तेवढ्याच तळमळीने तो सुटलेला दहावा हिस्सा पकडलात तर १,४४४ किलो वाचतील. म्हणून कुठल्याही शहरात गेलो की मी आधी आउटलेट, म्हणजे प्रकल्पातून शुद्ध पाणी बाहेर पडतं ती जागा, बघत नाही. आधी नाला बघतो.

कोल्हापुरात हा नाला म्हणजे मुख्यतः जयंती. दुधाळी, लाइन बाजार, बापट कॅम्प हेही आहेत, पण शहराच्या मधोमध फिरून सगळ्यात जास्त मैलापाणी जयंती घेऊन येते. नाव नदीसारखं आहे, आणि कधीकाळी तो ओढाच होता. आपल्याकडची व्यवस्था नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. प्रत्येक घराची ड्रेनेज लाइन वेगळ्या नळाने थेट प्रकल्पाला जोडली आहे, असं नाही. शहराच्या मोठ्या भागाचं पाणी आधी नाल्यात उतरतं. नदीला मिळण्याआधी नाला अडवला आहे. अडवलेलं पाणी पंपाने उचलून बावड्याला ढकललं जातं. याला अडवून वळवणं म्हणतात. हे कमी खर्चात आणि लवकर होतं. गल्ल्यागल्ल्यांतून नवी ड्रेनेज लाइन टाकायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तोवर नदी थांबत नाही. तेव्हा ही पद्धत स्वीकारली याला मी चूक म्हणणार नाही.

पण तिची एक अट आहे: पंप कधीच थांबता कामा नये. रात्री वीज गेली आणि जनरेटर उशिरा चालू झाला, जाळीत प्लास्टिक आणि चिंध्या अडकल्या, पंपाचा सील गेला, जाणाऱ्या मोठ्या नळाला गळती लागली, यातलं काहीही झालं की नाला तासाभरात बांधावरून सांडतो आणि पाणी सरळ पंचगंगेत जातं. जयंती नाला ओसंडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. शिवाय वळीव पडला की नाल्यात पावसाचं पाणी येतं. पंपांची ताकद कोरड्या दिवसांच्या पाण्यापुरती असते, म्हणून जोराच्या पावसात नाला सांडणारच. त्या सांडण्यात सहा महिने तळाशी बसलेला गाळही असतो. मे महिन्यातल्या पहिल्या जोरदार पावसानंतर मासे मरतात आणि लोक चक्रावतात, कारण पाऊस म्हणजे ताजं पाणी अशी आपली समजूत. नदीला त्या दिवशी वर्षातला सगळ्यात वाईट घास मिळालेला असतो.

क्षमतेचाही हिशेब करून टाकू, कारण ‘प्रकल्प लहान पडतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण ५ लाख ४९ हजार होती. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी हा सरकारी निकष लावला तर ५९ एमएलडी होतात. त्यानंतर वस्ती वाढली, पाण्याचा वापर निकषापेक्षा जास्त आहे, आणि घरोघरच्या बोअरचं पाणी कुणाच्या हिशेबात धरलेलं नसतं. म्हणजे खरा आकडा याहून बराच मोठा. बावड्याचे ७६ आणि दुधाळीच्या प्रकल्पाचे १७ मिळून ९३ एमएलडी होतात. तेव्हा क्षमता अगदीच अपुरी म्हणून नदी नासली, असं म्हणणं मला पटत नाही. टाक्या आहेत, पण पाणी प्रत्येक तासाला, प्रत्येक गल्लीतून त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. उपनगरांत आणि हद्दीबाहेरच्या वाढत्या वस्त्यांत सेप्टिक टँकच आहेत. त्यांचं वरचं पाणी गटारीत जातं, आणि उपसलेला मैला गाडीवाला कुठे रिकामा करतो हे कुणी विचारत नाही. मला या गाड्यांची काळजी जास्त वाटते. सेप्टिकचा मैला साध्या सांडपाण्याच्या दहा-वीस पट तीव्र असतो, आणि तो ओतायला ओढ्याचा काठ पुरतो.

एक प्रसंग सांगतो. शहराचं नाव घेत नाही. मी नोकरीला नवा होतो. प्रकल्पाचा नमुना दर मंगळवारी सकाळी अकराला घेतला जायचा, आणि वर्षभराच्या नोंदींत बीओडी आठ, नऊ, दहा असा. आम्ही तो तक्ता अभिमानाने भिंतीवर लावला होता. एके दिवशी पहाटे चारच्या सुमारास नदीकाठचा एक म्हातारा शेतकरी गेटवर आला. हातात दुधाची किटली. ती माझ्यासमोर टेबलावर उघडी ठेवून म्हणाला, ‘साहेब, ह्याचा वास घ्या आणि मग तुमचा कागद दाखवा.’ किटलीत काळं पाणी होतं. त्याच्याबरोबर पंपिंग स्टेशनपर्यंत चालत गेलो. जाळी तुंबली होती, पंप कोरडा पडू नये म्हणून आपोआप बंद झाला होता, आणि पाळीवरचा एकटा माणूस दुसऱ्या पंपाच्या दुरुस्तीत अडकला होता. नाला कितीतरी तास सांडत होता. भिंतीवरचा तक्ता खोटा नव्हता, पण त्यात त्या रात्रीला जागाच नव्हती. त्या दिवसापासून मी सांडण्याचे तास लिहून ठेवायला लागलो, आणि जिथे काम करतो तिथे ती वही आग्रहाने सुरू करतो.

आता प्रकल्पाच्या आत काय चालतं ते. बावड्यात एसबीआर पद्धत आहे. एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरायचं, हवा सोडायची, हवा बंद करून गाळ बसू द्यायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी हळूच काढून घ्यायचं. असं चक्र दिवसातून अनेकदा फिरतं. काम करतात ते जिवाणू. आपण त्यांना घाण आणि हवा पुरवायची आणि नंतर शांत बसू द्यायचं, एवढीच आपली भूमिका. चांगला गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. लिटरच्या जारमध्ये भरून ठेवला की अर्ध्या तासात तो खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. काळा पडून कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडली. जारमध्ये कापसासारखा फुगून बसायचं नाव घेत नसेल तर तंतूसारखे जिवाणू वाढलेत. हे विशेषतः गोड किंवा दुधाळ पाणी आलं की होतं. मिठाईचं दुकान, दुधाचा व्यवसाय, गुऱ्हाळाच्या काहिली धुतलेलं पाणी असं काही गटारीत एकदम ओतलं गेलं की दोन-तीन दिवसांत गाळ फुगतो आणि निवळलेल्या पाण्याबरोबर बाहेर वाहून जातो. त्या दिवशी आउटलेटही गढूळ.

प्रकल्प खरंच चालतो का, हे ओळखायचं माझं साधं परिमाण आहे गाळ. पाण्यातली घाण हवेत विरून जात नाही, तिचा मोठा भाग जिवाणूंच्या शरीरात जातो आणि गाळ होऊन बाहेर काढावा लागतो. ७६ एमएलडी भरून चालला तर दिवसाला साधारण दहा टन कोरडा गाळ निघायला हवा. यंत्राने पिळल्यावरही त्यात ऐंशी टक्के पाणी उरतं, म्हणजे ओल्या वजनात चाळीस-पन्नास टन, रोजचे चार-पाच डंपर. कुठल्याही प्रकल्पाच्या फाटकातून महिन्यात किती डंपर गाळ बाहेर गेला, हा आकडा विचारा. बीओडीचा आकडा एका बाटलीवर ठरतो, डंपर मात्र सगळ्या गावाला दिसतात. गाळच निघत नसेल तर एक तर पाणी कमी येतं, नाहीतर गाळ निवळलेल्या पाण्यातून नदीत जातो. मी बिघडलेला प्रकल्प हातात घेतला की पहिल्या दिवशी विजेचं बिल आणि गाळाची वही मागतो. हवा देणारे ब्लोअर निम्म्याहून अधिक वीज खातात, त्यामुळे बिल अचानक कमी झालं असेल तर कारण बहुधा तिथेच सापडतं.

आता बीओडी बाजूला ठेवून रोगजंतूंकडे येतो. सर्वसाधारण लोकांची आणि कधीकधी अधिकाऱ्यांचीही इथे फसगत होते. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू साधारण एक कोटी असतात. प्रकल्पाने त्यातले ९९ टक्के मारले, तर ऐकायला छान वाटतं. पण कोटीचा एक टक्का म्हणजे एक लाख. नदीत त्याच्या दहा पट स्वच्छ पाणी मिसळलं तरी दहा हजारांच्या आसपास उरतात. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा १०० मिलिलिटरला २,५०० आहे, आणि खरं तर ५०० च्या आत असावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे ९९ टक्के काम करूनही आपण चौपट बाहेर. इथे आणखी दोन-तीन शून्यं उडवावी लागतात, आणि ते काम शेवटच्या क्लोरिनच्या टाकीत होतं. नितळ पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण त्या टाकीत क्लोरिन नियमित पडतंय का, आणि पाणी तिथे अर्धा तास थांबतंय का, हे डोळ्यांना दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये प्रकल्पांसाठी जे कडक निकष सांगितले त्यात बीओडी १० बरोबर कोलिफॉर्म २३० ची अट आहे ती याचसाठी.

इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. ती साथ दूषित पाण्यातून पसरली होती. त्या वर्षी मी त्या भागात होतो. रुग्णालयात जागा नव्हती, आणि कापडाच्या यंत्रमागांवर काम करणारी तरुण माणसं पिवळी पडून बसली होती. तेव्हापासून कोलिफॉर्मचा रकाना रिकामा असलेला अहवाल मला अर्धा वाटतो.

आता नदीकडे. तुमच्या रुईच्या पट्ट्यात गडबड होते याचं कारण आपलेच बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर या शहराच्या नावाने ओळखला जातो. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पावसाळा संपला की पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढायचे. या बंधाऱ्यांनी नदीकाठची शेती उभी केली, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे आहेत, त्यामुळे नोव्हेंबर ते मे पंचगंगा वाहती नदी राहत नाही, तळ्यांची माळ होते. वाहतं पाणी दगडांवर आपटून हवेतला ऑक्सिजन आत घेतं. साचलेलं पाणी ते काम फार हळू करतं. शहरातून सुटलेली घाण राजाराम बंधाऱ्यापाशी लगेच सगळी कुजत नाही. कुजायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात पाणी एक-दोन बंधारे पुढे सरकलेलं असतं. म्हणून ऑक्सिजन सर्वात कमी तिथे सापडतो जिथे नाला मिळत नाही, त्याच्या खूप खाली. गुन्हा बावड्यात आणि प्रेत तेरवाडला, अशी स्थिती. काठाच्या लोकांना शेजारच्या कारखान्याचा किंवा गावाचा संशय येतो, आणि कधी तो खराही असतो.

केंदाळाचं कारण वेगळं. बीओडी कमी करणारा प्रकल्प सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस पूर्णपणे काढतोच असं नाही, त्यासाठी चक्रं जाणीवपूर्वक तशी आखावी लागतात. नितळ, वास नसलेल्या पाण्यातही केंदाळाला लागणारं खत शिल्लक राहतं. साचलेलं पाणी, ऊन आणि खत एकत्र आलं की काय होतं, हे आपण रंकाळ्यात पाहिलंय. श्याम सोसायटी आणि परताळ्याकडून मैलापाणी आत यायचं तेव्हा आख्खा तलाव हिरव्या रंगासारखा दिसायचा. तो रंग मायक्रोसिस्टिस नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा. नदीत केंदाळाबरोबर हेही वाढतं. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं. त्यामुळे एकाच जागी दुपारी तीनला ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि पहाटे पाचला २ च्या खाली सापडू शकतो. माशांना ४ तरी लागतो. दुपारी बारा वाजता नमुना घेऊन ‘नदीत ऑक्सिजन भरपूर आहे’ असा अहवाल निघतो, आणि मासे मात्र पहाटे मेलेले असतात. दोन्ही बाजूंनी भांडण होतं, तोडगा मात्र निघत नाही.

नदी ही घाण पातळ करायचं काम किती करू शकते, याचाही अंदाज असावा. ७६ एमएलडी म्हणजे सुमारे ३१ क्युसेक. पूरकाळात राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शहराचं सांडपाणी नदीत शोधूनही सापडत नाही. एप्रिलमध्ये पात्रात वाहणारं पाणीच थोडं, आणि बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात शहराचं पाणी दिवसेंदिवस भरत राहतं. यात २०२३ नंतर एक भर पडली. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आलं, शहराची तहान भागली, त्यात वाद नाही. पण ते पाणी दुधगंगेच्या खोऱ्यातलं आहे आणि वापरून झालं की पंचगंगेत येतं. म्हणजे शहराचा वापर वाढला तर नदीत सांडपाणी वाढतं, त्याला पातळ करणारं पंचगंगेचं पाणी त्या प्रमाणात वाढेलच असं नाही. सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे लागलं, परतीच्या पाण्याकडे कुणाचं गेलं नाही.

शहर हा एकटा दोषी नाही, हेही स्पष्ट सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्राचे ५३, आणि पंचगंगा त्यात आहे. काठावर कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग आहेत, साखर कारखाने आहेत, मैलापाण्याची कसलीच सोय नसलेली गावं आहेत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला चाळीस हजारांच्या पुढे असतो. त्याचा दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात ओतला तर ४०० किलो भार पडतो. २० लाख लिटर कच्च्या सांडपाण्याएवढा. गळीत हंगामात एखाद्या ठिकाणी एकाएकी सगळे मासे मरतात, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि जळक्या गुळासारखा वास येतो, तेव्हा माझा संशय शहराच्या सांडपाण्यावर नसतो. शहराची घाण हळूहळू मारते, असा घाला एका रात्रीत मारतो. दोन्ही प्रकारांची खूण ओळखता आली की तक्रार योग्य ठिकाणी जाते.

महापुराचं थोडक्यात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. असा पूर आला की नदीकाठच्या सखल जागेतली यंत्रं धोक्यात येतात. मोटारी सुकवून, गुंडाळून पुन्हा बसवायला आठवडे लागतात, आणि हवा बंद राहिली तर टाकीतले जिवाणू मरतात. दुसऱ्या प्रकल्पातून जिवंत गाळ आणून तो वाढवायला आणखी दोन-तीन आठवडे जातात. पुरानंतर महिनाभर आउटलेट खराब असेल तर त्यात लपवाछपवी असेलच असं नाही. पण मोटारी आणि पॅनेल पुराच्या रेषेच्या वर न्यायला हवेत, आणि हे काम पुढच्या पुराआधी व्हायला हवं.

तुम्ही काय करू शकता? माहितीच्या अधिकारात प्रकल्पाच्या बीओडीचे आकडे मागण्यापेक्षा नाला महिन्यात किती तास सांडला, किती डंपर गाळ गेला, आणि आउटलेटचा कोलिफॉर्म किती, एवढं मागा. त्याशिवाय जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोला. ऑक्सिजनची बाटली पहाटे पाचला, सूर्य उगवायच्या आत, बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाण्याखाली हातभर धरून भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. तिथल्या तिथे त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालतात. साका तपकिरी आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराशुभ्र आला तर नाही. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढता येतो, पण तो रंग तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतो. सरपंचांना बोलवा, शाळेतल्या पोरांना बोलवा. पाच रविवार केलंत तर तुमच्याकडे अशी नोंद होईल जी कुणालाही उडवून लावता येणार नाही.

उसाला हे पाणी चालतं, उलट खतही मिळतं. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर असं कच्चं खाल्लं जाणारं काही या पाण्यावर फेब्रुवारी ते मे घेऊ नका, घेतलंत तर निदान काढणीच्या आधी काही दिवस विहिरीचं पाणी द्या. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर म्हशी तिथे पाण्याला नेऊ नका. त्या शेवाळाचं विष जनावराचं यकृत निकामी करतं, आणि उपचाराला वेळ मिळत नाही.

आणि धाकट्याचं. नदीत नको. शहराच्या खालच्या पट्ट्यात तर बरगे घातलेले असताना अजिबात नको. पाणी नितळ दिसलं म्हणून धीर करू नका, पोहायला शिकणारं पोर पाणी गिळतंच. तुमच्याकडे विहीर असेल तर पाठीला डबा बांधून तिथे शिकवा, मोठं कुणीतरी पाण्यात हवं. माझा मुलगा तसाच शिकला. त्याला नदी दाखवायला मात्र नक्की न्या, प्रयाग चिखलीला, वरच्या अंगाला, जिथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. तिथून राजाराम बंधाऱ्यापर्यंत त्याच दिवशी या, आणि दोन्ही ठिकाणचं पाणी दोन बाटल्यांत भरून घरी खिडकीत ठेवा. आठवड्याने तो स्वतःच तुम्हाला विचारील.